मामा तलाव, दोन आळशी पोट्टे आणि एक दुर्बीण (८×३०)

आधीच सांगून टाकते, मला पक्ष्यांमधलं काहीच कळत नाही. ही दुर्बीण घेतली ती फक्त पोट्ट्यांना गोधडीतून बाहेर काढायला. धान कापून झाला की गोंदियाकडची थंडी काय असते हे इकडच्यांना सांगायला नको, पारा ८-९ वर उतरला की आमच्या घरचे दोघं (मोठा १०, लहानी ६) मोबाईल घेऊन चुलीजवळ जे चिकटतात ते आंघोळीलाही उठत नाहीत. रविवारी फिरायला चला म्हटलं की मोठ्याचं ठरलेलं, "काहून पण? तिथं जाऊन करायचं काय?" आणि खरं सांगू का, त्याला काय उत्तर द्यावं मलाही कळत नव्हतं. ताजी हवा खायला चल म्हटलं तर कोणतं लेकरू उठते बाप्पा.

मग ऑनलाइन मागवली, २,३०० रुपयांना. कुरिअर गावात येत नाही, तालुक्याला जाऊन आणावी लागली तो वेगळाच ताप. ८×३० म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, आणि ३० हा पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमधला. तळ्यात ८० मीटरवर बसलेलं बदक १० मीटरवर असल्यासारखं दिसतं. १० पटवाली घ्यायचा मोह मलाही झाला होता, पण जितकं जवळ दिसते तितका हाताचा थरथराटही मोठा दिसते, आणि थंडीत लेकरांचे हात काय स्थिर राहणार. जत्रेतली दीडशेची प्लास्टिकची आमच्याकडे पडली आहे, तिच्यातून सगळं दही सांडल्यासारखं दिसते, त्यापेक्षा नुसत्या डोळ्यानं पाहिलेलं बरं.

तलाव घरापासून सव्वा किलोमीटर. माजी मालगुजारी (म्हणजे जुन्या जमीनदारांच्या वेळचा) तलाव, म्हणून दोन्ही शब्दांतला 'मा' घेऊन सगळे मामा तलाव म्हणतात, आणि लहानीनं रस्ताभर डोकं खाल्लं की कोणाच्या मामाचा. पहिल्या दिवशी निघताना रडारड झालीच, ते लपवत नाही. पाळीवर (तलावाच्या बांधावर) बसलो, मोठ्यानं दुर्बीण लावली, दोन-तीन मिनिटं नुसताच "काही नाही दिसत, काही नाही दिसत", आणि मग एकदम गप. म्हटलं काय झालं, तर म्हणे, "आई, याच्या कपाळाला बुक्क्यासारखं पण पांढरं लावलं आहे." पाण्यात काळे ठिपके दिसतात ना, ज्यांना आपण पाणकोंबड्या म्हणून सोडून देतो, त्यातला एक. अंग काळंकुट्ट आणि कपाळावर पांढरा टिळा. संध्याकाळी आबाजींना सांगितलं तर ते हसून म्हणाले, अरे त्याला वारकरीच म्हणतात. झालं, दुसऱ्या दिवशी शाळा असून साहेब पावणेसातला बूट घालून तयार!

त्यानंतर तलवार बदक पाहिलं (शेपटी खरंच तलवारीसारखी टोकदार), थापट्या पाहिला, त्याची चोच पुढं चमच्यासारखी चपटी. हे दोन्ही पाहुणे, फक्त हिवाळ्यापुरते येतात, उन्हाळ्यात फिरायला नेलं असतं तर हे दिसलेच नसते. मोठ्याला आता सारस पाहायचा आहे, महाराष्ट्रात तो राहिला आहे तो मुख्य आपल्या गोंदिया जिल्ह्यातच. अजून दिसला नाही. जंगल-पक्ष्यांवर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींनी ज्या नवेगाव बांधला वनखात्याची नोकरी केली तिकडं संक्रांतीनंतर नेईन म्हणून कबूल करून बसली आहे, आता सुटका नाही.

आता तक्रारी. बॉक्सवर सगळ्या वयाच्या मुलांसाठी असं छापलं आहे, ते साफ खोटं. दोन नळ्या जवळ आणायला मधात बिजागरी असते, ती एका मर्यादेपर्यंतच मिटते, आणि सहा वर्षांच्या पोरीचे डोळे त्याहून जवळ असतात. लहानी बिचारी एक डोळा मिटून एकाच नळीतून पाहते. उजव्या डोळ्याकडं एक रिंग असते (आधी डाव्या डोळ्यानं मधल्या चाकावर फोकस करायचा, मग उजव्यासाठी ही रिंग), ती लहानी दरवेळी फिरवून ठेवते आणि मग दोघांची मारामारी. वॉटरप्रूफ लिहिलं होतं, पण धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) दवात एकदा पडली तर आतून पाण्याचे थेंब. विकणाऱ्याला फोटो पाठवले, उत्तर आलं की वापरातली चूक आहे. काय बोलावं. तांदळाच्या डब्यात चार दिवस ठेवली, थोडी सुधारली, डाव्या बाजूला अजून एक डाग आहेच. सोबतचा पट्टा म्हणजे सुतळी, मानेला काचते.

थंडीत श्वासानं काच धुरकटते, आणि पोट्टे लगेच स्वेटरनं घासायला जातात, तसं करू देऊ नका, ओरखडे पडतात. चालताना स्वेटरच्या आत ठेवली की काच गार पडत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सूर्याकडं लावू द्यायची नाही, डोळा कायमचा जाऊ शकतो. आम्ही सकाळी पूर्वेकडच्या पाळीवर सूर्य पाठीशी घेऊन बसतो. अंधारात तर निघतच नाही, बिबट्याचं गाव आहे आमचं, उन्हं आल्यावरच.

लहानीचं म्हणाल तर तिला दुर्बिणीशी काही घेणंदेणं नाही. ती येते ती वाटेतल्या बोरांसाठी आणि तळ्यावर ढिवर बाई उकडलेले शिंगाडे विकते त्यासाठी, वीस रुपयांत तिचं येणं-जाणं दोन्ही होते. तिच्यापुरते माझे २,३०० पाण्यातच गेले समजा.

पाचपैकी साडेतीन स्टार. दीड स्टार कापला तो त्या पाण्याच्या थेंबांचा आणि वरून आलेल्या त्या उत्तराचा. आठ-नऊच्या वरचं लेकरू असेल तर घ्या, लहान असेल तर थांबा, आणि पट्टा पहिल्याच दिवशी बदला. मी यांच्या जुन्या डब्याच्या बॅगचा लावला आहे, रुंद आहे, काचत नाही, फक्त लहानीनं गळ्यात घातली की दुर्बीण तिच्या गुडघ्यावर आपटते.