कोकणातल्या घरासाठी थार की जिम्नी?

गावाकडे घर आहे, पावसात बागेपर्यंत जाता आलं पाहिजे आणि गाडी चालवण्यात मजाही हवी, अशा माणसाची यादी शेवटी या दोन नावांवर येते. तीन दारांची महिंद्रा थार आणि पाच दारांची मारुती सुझुकी जिम्नी. लांबीला दोन्ही सारख्याच, चार मीटरच्या आत. दोन्हींत चारच माणसं बसतात, दोन्हींना लॅडर फ्रेम, म्हणजे शिडीसारखा मजबूत सांगाडा, आहे. बाकी आकडे तुम्ही पाठ केलेच असतील. मी दापोली तालुक्यातल्या रस्त्यांवर दोन्ही भरपूर चालवल्या आहेत. थार चुलतभावाची, डिझेल. जिम्नी माझी.

आधी थारचं जे आहे ते मोकळेपणानं देऊन टाकतो. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढताना तिच्या 2.2 डिझेलला तोड नाही. 300 न्यूटन मीटर टॉर्क (इंजिनाचा ओढण्याचा जोर) म्हणजे काय, ते मागे दोन माणसं आणि डिकीत तांदळाची पोती असताना कळतं. गिअर न बदलता ती वळणातून उचलते. जिम्नीच्या दीड लिटर पेट्रोलकडे 134 आहे. गाडी भरलेली आणि एसी चालू असला की दुसऱ्या गिअरवर यावंच लागतं, आणि इंजिनाचा आवाज घरभर, म्हणजे गाडीभर होतो. महामार्गावरही थार जास्त ठाम वाटते. जिम्नीचे पुढचे-मागचे दोन्ही ॲक्सल सरळ दांड्याचे, त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेलं की सगळ्यांच्या माना हलतात. दर आठवड्याला कराड-कोल्हापूर करणाऱ्याला मी जिम्नीचा आग्रह धरणार नाही.

पण आमच्या किनाऱ्यावर गाडीचं आयुष्य घाटात कमी आणि गडग्यांमध्ये, म्हणजे दगडी कुंपणांमध्ये, जास्त जातं. केळशी, आंजर्ले, मुरुड, पलीकडे गुहागर, कुठेही जा. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, मधून वाट, आणि ती आखली तेव्हा समोर बैलगाडी होती. आमच्या घराकडे वळणारी वाट सर्वांत अरुंद जागी सात फुटांच्या आसपास आहे. थारची रुंदी 1820 मिलिमीटर, जिम्नीची 1645. कागदावर हा फरक जेमतेम सात इंच, त्यामुळे कोणी त्याकडे बघत नाही. वाटेत मात्र त्या सात इंचांत सगळा खेळ आहे. थार नेताना आरसे मिटायचे, काच खाली करायची आणि गडग्यावर नजर ठेवून गोगलगायीसारखं सरकायचं. पावसाळ्यात शेवाळ्यामुळे दगड मऊ दिसतो, पण खाली जांभाच असतो, आणि तो रंगावर कानशीसारखा चालतो. समोरून आंब्याचा टेम्पो आला की तेवढंच सगळं रिव्हर्समध्ये.

तेही मी सोसलं असतं. माझा निर्णय झाला तो दारामुळे. थारला मागे बसायचं तर पुढची डावी सीट पुढे झुकवावी लागते, आणि त्यासाठी डावं दार पुरतं उघडावं लागतं. बाजूला दोनच दारं (तिसरं मागचं) असल्यामुळे ते दार लांब आहे. आमच्या बेड्यापाशी, म्हणजे अंगणाच्या फाटकापाशी, डाव्या हाताला गडगा. म्हणजे आईला मागच्या सीटवरून उतरवायचं तर गाडी अलीकडे, रस्त्याच्या तोंडाशीच थांबवायची, तिला तिथे उतरवायचं आणि पावसात छत्री धरून घरापर्यंत चालवत आणायचं. पुढे बसवलं तर मागे कोण चढणार, हा प्रश्न उरतोच. यात थारचा दोष काढत नाही, ती गाडी वेगळ्या कामासाठी बांधलेली आहे. पण रोजच्या जगण्यात अशी एक गोष्ट पुन्हा पुन्हा टोचत राहिली की तीनशे न्यूटन मीटर विसरायला होतं. जिम्नीचं मागचं दार लहान आहे, अर्धं उघडलं तरी आई हळूच उतरते.

दाभोळ–धोपावे फेरीबोटीवरही तेच. बोटीवरचा माणूस हात दाखवत गाड्या अगदी खेटून लावतो. जिम्नीतून मी बाहेर येऊन कठड्याशी वारा खात उभा राहतो. थारमधून दाभोळची खाडी बहुतेक वेळा काचेतूनच बघितली आहे.

चिखलाचं म्हणाल तर बागेकडे जाणाऱ्या तांबड्या चढावर जूनमध्ये दोन्ही फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा संथ गिअर) टाकून वर येतात. थारचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासूनची उंची) 226 मिलिमीटर, जिम्नीचा 210, तरी मला जिम्नी तिथे जास्त सुटसुटीत वाटली. वजन बाराशे किलोच्या आसपास, टायर अरुंद, त्यामुळे ती रुतायच्या आधीच निघून गेलेली असते. हे माझ्या उतारावरचं मत आहे, तुमच्या मातीत वेगळं पडू शकेल. आणि कुठलीही घ्या, पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, घालू नका. वेळास, आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. चाकाखाली काय दाबलं जातंय ते चालवणाऱ्याला दिसत नाही.

आंब्याच्या पेट्या नेण्याचा विचार असेल तर दोन्ही सोडा. मागच्या सीटवर माणसं असताना जिम्नीची डिकी 208 लिटरची आहे, आणि थारमध्येही त्याहून फार सुख नाही. बागेचा चढ नसेल, नुसती अरुंद वाट असेल, तर वॅगन आर बघा. रुंदी 1620 म्हणजे जिम्नीहूनही अरुंद, आणि म्हाताऱ्या माणसांना तिच्याइतकं सोपं चढणं-उतरणं या दोघींतही नाही. टाटा पंच छोटी वाटते, पण 1742 आहे, जिम्नीपेक्षा रुंद.

एक मात्र सांगावंसं वाटतं. इथे रस्त्यावर दहा थार दिसतात तेव्हा एखादी जिम्नी दिसते, म्हणून लोक तिला पडलेली गाडी समजतात. हीच पाच दारांची, भारतात बनलेली जिम्नी 2025च्या सुरुवातीला जपानमध्ये ‘नोमाड’ नावानं गेली, आणि काही दिवसांत सुमारे 50,000 मागण्या आल्यामुळे कंपनीला नोंदणी थांबवावी लागली. अरुंद गल्ल्यांच्या देशात तिची किंमत लोकांना चटकन कळली. आपल्याकडे 1985 पासून मारुतीची जिप्सी, म्हणजे जिम्नीचीच जुनी पिढी, चालवलेल्यांनाही ती कळायला हरकत नाही.

शोरूममधली टेस्ट ड्राइव्ह चौपदरी रस्त्यावर होते, तिचा उपयोग नाही. टेप घेऊन आपली वाट सर्वांत अरुंद जागी मोजा, गाडी आरशांसकट मोजा, जमलं तर ती तुमच्या बेड्यापर्यंत आणायला सांगा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला मागे बसवून उतरवून बघा. अंगण ऐसपैस असेल आणि घाट नेहमीचा असेल तर डिझेल थार खुशाल घ्या. नाहीतर जिम्नी. आणि घेतल्यावर पहिल्या पावसाआधी खालून गंजरोधक कोटिंग करून घ्या, खाऱ्या वाऱ्याला फ्रेम कुणाची आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं.