बास गिटारला फ्लॅटवाऊंड तारा लावून आठ महिने झाले, बडोद्यातला अनुभव

ऑगस्टच्या शेवटी लावल्या होत्या, आता मे उजाडलाय, मधे गणपती झाले, नवरात्रीच्या नऊही रात्री झाल्या, लग्नांचा सीझन झाला आणि तारा अजून त्याच आहेत. नेहमीच्या राउंडवाऊंड तारा वापरायचो तेव्हा हे कोणी सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता, कारण बडोद्याच्या पावसाळी दमट हवेत माझा एक सेट तीन-चार आठवडे जेमतेम टिकायचा आणि नवरात्रीत तर पाचव्या रात्रीच मान टाकायचा.

माझा बास चार तारांचा, फेंडर प्रिसिजन पद्धतीचा, ३४ इंची स्केल (म्हणजे तारेची वाजणारी लांबी). दांडिया बाजारात राहतो, महिन्यातून दोनतीनदा मराठी भावगीतांच्या कार्यक्रमात वाजवतो आणि नवरात्रीत गरब्याच्या ऑर्केस्ट्रात. म्हणजे माझ्या शेजारी ड्रमसेट क्वचितच असतो, एकीकडे तबला आणि एकीकडे ढोल. हे आधीच सांगतोय कारण माझी तारांची निवड शेवटी यावरूनच ठरली. त्याआधी दोन वर्षं मी ॲम्पचे नॉब फिरवत बसलो होतो, पिकअप (तारेचा आवाज पकडणारा भाग) बदलायचं पण डोक्यात होतं, तारांकडे लक्षच गेलं नव्हतं.

एकदा जुनी ई तार, म्हणजे सगळ्यात जाड तार, काढली आणि टाकून द्यायच्या आधी खिडकीपाशी नेऊन नीट बघितली. जिथे फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) लागतात तिथे खालच्या बाजूला चपटे ठसे, आणि तारेच्या दोन वेढ्यांच्या मधे काळा चिकट मळ, नखाने काढला तर गोळी निघते एवढा. राउंडवाऊंडमध्ये पोलादी गाभ्यावर गोल वायर गुंडाळलेली असते, त्यामुळे वेढ्या-वेढ्यात खाच राहते, त्या खाचेत घाम आणि बोटाची कातडी जाऊन बसते, तार कुठे जड कुठे हलकी होते, आधी चमक जाते आणि मग बाराव्या फ्रेटवर सूरच लागत नाही. मेथिलेटेड स्पिरिटमध्ये बुडवून मी दोन सेट परत जिवंत केले होते, पण तेही आठ-दहा दिवसच. मधे एका कंपनीच्या कोटिंगवाल्या तारा लावून बघितल्या, दोन महिने छान चालल्या, नंतर उजव्या हाताच्या बोटांखाली कोटिंगचे पांढरे तुसे निघायला लागले आणि आवाज एका आठवड्यात बसला. माझा घामही जरा जास्तच आहे हेही खरं.

फ्लॅटवाऊंडमध्ये गोल वायरच्या जागी चपटी पट्टी गुंडाळतात, खाच नाहीच, बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं. मी डॅडारिओ क्रोम्स घेतल्या, ४५-६५-८०-१०० (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). आधीच्या राउंडवाऊंडचं गेज (जाडी) हेच होतं, म्हणजे नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा घासायची वेळ येणार नाही हा हिशोब. पैसे मात्र जवळपास दुप्पट गेले. आणि एक सांगतो, पाकिटावरची लांबी वाचल्याशिवाय घेऊ नका. मला दुकानातून पहिल्यांदा शॉर्ट स्केलचा सेट दिला गेला, ३० इंची बासचा. घरी येऊन ई तार ओढली तर जाड भाग नटच्या अलीकडेच संपला आणि बारीक होत गेलेला भाग खाचेत येऊन बसला. तसं वाजवायचंच नसतं, परत करून लाँग स्केल आणला.

बसवताना सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. गेज तेच असलं तरी पट्टी गच्च बसते, मधे पोकळी राहत नाही, म्हणजे तेवढ्याच जाडीत धातू जास्त, आणि वजन जास्त म्हणजे त्याच सुरासाठी ताणही जास्त. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर नेक (मान) पुढे वाकलेली आणि मधल्या फ्रेटांवर तारा हाताला उंच लागतायत. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरला आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट बघितली, साधारण ०.३ मिलिमीटर चालते, माझी दुपटीहून जास्त होती. ट्रस रॉड (नेकच्या आतला लोखंडी दांडा) पाव फेरा घट्ट केला, एक रात्र तसंच ठेवलं, मग अजून थोडा. एका दमात अर्धा-एक फेरा फिरवायचा नाही, लाकडाला वेळ लागतो. त्यानंतर इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटांवरही सूर बरोबर लागावा अशी जुळणी. बाराव्या फ्रेटचा दाबलेला सूर त्याच जागी नुसतं बोट टेकवून निघणाऱ्या हार्मोनिकपेक्षा चढा आला तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे, उतरा आला तर पुढे, चारही तारांना करावं लागलं. तारा एकेक करून बदलल्या, सगळ्या एकदम काढल्या नाहीत, आणि कापायच्या आधी टोक काटकोनात वाकवून घेतलं म्हणजे पट्टी सुटत नाही.

पहिले तीन आठवडे खरं सांगायचं तर मला त्या आवडल्या नाहीत. नव्या फ्लॅटला एक पातळ, पत्र्यासारखी किणकिण असते, आणि ताणामुळे डाव्या हाताची करंगळी दुखायची. गणपतीत वाजवल्या तेव्हा सारखं वाटत होतं की काढून टाकाव्यात. मग हळूहळू किणकिण गेली आणि खालचा स्वर भरला. तानपुऱ्याची खुली जवारी आणि बंद जवारी ज्यांनी ऐकलीय त्यांना हा फरक लगेच कळेल, राउंडवाऊंड खुली आणि फ्लॅट बंद.

खरी परीक्षा गरब्यात झाली. गरब्याचा हींच ताल सहा मात्रांचा, लय चढत जाते, ढोलाची थाप आणि माझा खर्ज एकाच जागेत येतात, वर मंजिरा आणि कीबोर्ड. राउंडवाऊंड असताना माझ्या तारेची वरची झणझण मंजिऱ्यात मिसळायची आणि खालचा भाग ढोलाखाली दबायचा, म्हणजे मी आवाज वाढवायचो आणि तरी मैदानात बास ऐकूच जायचा नाही. फ्लॅटवर सूर ठोक्यासारखा उठतो आणि पटकन बसतो, ढोलाच्या दोन थापांच्या मधे बरोबर मावतो. तिसऱ्या रात्री ढोलवाले काका ढोल उतरवताना स्वतःहून म्हणाले, "आजे तमारो बास बराबर संभळायो," म्हणजे आज तुमचा बास नीट ऐकू आला. ॲम्प तोच, नॉब उलट कमीच केला होता. त्या रात्री घरी येऊन मी बराच वेळ बास मांडीवर घेऊन बसलो होतो, इतकं बरं वाटलं होतं.

भावगीतात तर दुसरा विचारच नाही. गाणारी बाई हळू आलापात असताना राउंडवाऊंडवर जागा बदलली की बोटाची करकर माइकमध्ये येते, इथे ती जवळजवळ नाहीच. तबल्याच्या डग्ग्याशी हा आवाज भावासारखा जमतो.

आता कुठे जमत नाहीत तेही सांगतो. स्लॅप (अंगठ्याने तार ठोकून) वाजवणाऱ्याने घेऊ नयेत, अंगठ्याला उत्तरच मिळत नाही. नव्या सिनेमातली गाणी वाजवताना जो धारदार आवाज लागतो तो नाही निघत, ती झळाळी १९६० च्या दशकात राउंडवाऊंड आल्यावरचीच आहे, रोटोसाउंडने द हू बँडच्या जॉन एंटविसलबरोबर त्यावर काम केलं होतं. आणि फोनवरचा व्हिडिओ. मोकळी ई म्हणजे साधारण ४१ हर्ट्झ, ते फोनच्या स्पीकरमधून येतच नाही, कान त्याच्यासोबत उठणाऱ्या वरच्या सुरांवरून (हार्मोनिक्स) अंदाज बांधतो, आणि फ्लॅटमध्ये तीच कमी असतात. घरच्यांनी गरब्याचा व्हिडिओ बघून विचारलं की तू वाजवत होतास ना? आता बासचा टोन नॉब पूर्ण उघडा ठेवतो आणि ॲम्पवर ७००-८०० हर्ट्झच्या आसपास थोडं वाढवतो, बराच फरक पडतो.

ताण नको असेल त्यांनी थोमास्टिकचे जॅझ फ्लॅट्स बघावेत, ते मऊ म्हणूनच ओळखले जातात, पण अजून महाग. जाड, जड हवं असेल तर ला बेला, मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या बासवादक जेम्स जेमरसनने १९६२ च्या प्रिसिजनवर त्याच लावलेल्या आणि तुटल्याशिवाय बदलायचा नाही म्हणतात. पाच तारांचा बास असेल तर बी तार निदान १२५ ची घ्या, त्याहून बारीक ढिली पडते.

निगा म्हणाल तर काही नाही, वाजवून झालं की सुती फडकं तारेच्या वरून आणि खालून दोन्हीकडून फिरवायचं, खालची बाजू लोक विसरतात. एक नवा सेट आणून कपाटात ठेवलाय कारण ए तारेवर तिसऱ्या फ्रेटपाशी बारीक ठसा दिसायला लागलाय, पण सूर अजून पक्का आहे, म्हणून येत्या नवरात्रीला याच तारा घेऊन जाणार आहे.