लेवी बॉडी डिमेन्शिया: डोनेपेझिल की रिवास्टिग्माईन, आणि भासांसाठी औषध द्यायचं की नाही

लेवी बॉडी डिमेन्शिया म्हणजे स्मरण-लक्ष बिघडवणारा, भास आणि पार्किन्सनसारखा आखडलेपणा आणणारा मेंदूचा आजार. डोनेपेझिल आणि रिवास्टिग्माईन दोन्ही एकाच जातीची औषधं, मेंदूतलं असिटिलकोलीन (पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन) टिकवून ठेवतात, आणि या आजारात ते खूपच कमी झालेलं असतं म्हणून लक्ष लागणं, भास यात बऱ्याच जणांना खरंच फरक पडतो. आजार मात्र थांबत नाही, हे आधीच मनाशी ठेवा.

डोनेपेझिल दिवसातून एकदाच, 5 मिग्रॅने सुरू करून साधारण 4 ते 6 आठवड्यांनी 10. देणाऱ्याला सोपं. रात्री घेतल्यावर भयानक स्वप्नं पडायला लागली तर डॉक्टरांना विचारून सकाळी द्या. रिवास्टिग्माईनची कॅप्सूल दोनदा, जेवणासोबत, आणि मळमळ-उलटीचा त्रास जास्त. कातडीवर चिकटवायच्या पॅचने (24 तासांत आधी 4.6 मिग्रॅ, मग 9.5) तो बराच कमी होतो, पण कातडीला खाज येते आणि जुना पॅच काढायला विसरून वर दुसरा लावला तर डोस दुप्पट होतो, हे फार जपा. माझं मत, गिळायला त्रास असेल किंवा पोटाला गोळी झेपत नसेल तर पॅच, नाहीतर डोनेपेझिल. दोन्हीत नाडी मंदावू शकते, चक्कर येऊन पडणं होतं, म्हणून आधी ईसीजी काढून घ्या.

आता भास. खोलीत लहान मुलं दिसतात पण आजी घाबरत नाहीत, तर लगेच औषध कशाला? आधी युरीन इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, कमी उजेड, चष्मा बघा. घाबरून रात्रभर जागतच असतील तर क्वेटियापीन (भास कमी करणारं अँटीसायकोटिक औषध) अगदी कमी, 12.5 मिग्रॅपासून, तेही डिमेन्शियात मृत्यूचा धोका वाढवणाऱ्या गटातलंच आहे हे समजून. हॅलोपेरिडॉल (जुनं, तीव्र अँटीसायकोटिक) मात्र नाहीच, या आजारात अशा औषधांनी अंग लाकडासारखं आखडतं, शुद्ध हरपते, जीवही जाऊ शकतो.

लेव्होडोपाने (पार्किन्सनचं औषध) चालणं सुधारतं पण भास वाढू शकतात, त्यामुळे चालणं फारच अडलं असेल तरच, थोड्या डोसने. झोपेत हातपाय झाडतात त्याला क्लोनाझेपामआधी (गुंगी आणणारं औषध) मेलाटोनिन (झोपेचं संप्रेरक) बरं, कारण क्लोनाझेपामने तोल जाऊन पडतात.

आणि अर्ध्या रात्री इमर्जन्सीत न्यावं लागलं तर तिथल्या नवीन डॉक्टरला यातलं काहीच माहीत नसणार, म्हणून फाईलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: लेवी बॉडी, हॅलोपेरिडॉल देऊ नये.