शस्त्रक्रियेआधीचा गुडघ्याचा एमआरआय: यंत्र उत्तम, अहवाल अपुरा

उजव्या गुडघ्यात आतल्या बाजूला टोचल्यासारखे दुखणे, जिना उतरताना पाय मध्येच अडणे आणि संध्याकाळपर्यंत सूज चढणे हे सात महिने चालल्यावर अस्थिरोगतज्ज्ञांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा विषय काढला आणि त्याआधी एमआरआय करून आणायला सांगितले. चिठ्ठीवर त्यांनी नुसते ‘उजवा गुडघा’ न लिहिता ‘मांडीच्या हाडाच्या आतल्या उंचवट्यावरील कूर्चेच्या इजेची खोली व आकार कळावा’ असे लिहून दिले होते. त्या एका ओळीवरून पुढे बरेच रामायण घडले. ज्या केंद्रात तपासणी केली त्याचे नाव मी देत नाही; तिथली उणीव इतरत्रही आढळू शकते आणि वाचणाऱ्याला नावापेक्षा काय मागून घ्यायचे हे कळणे अधिक उपयोगाचे आहे.

आधी एका शब्दाचा गोंधळ दूर करते. गुडघा दुखू लागला की ‘गादी झिजली’ असे आपण सर्रास म्हणतो, आणि डॉक्टरही आपल्याला समजावे म्हणून तोच शब्द वापरतात. प्रत्यक्षात गुडघ्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चकत्या असतात, त्या मेनिस्कस. आणि हाडांच्या टोकांवर व वाटीच्या मागच्या बाजूला चिकटलेला, काही मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत थर असतो, ती कूर्चा. दोन्हींना गादी म्हटल्यामुळे माझ्या घरी पहिले चार दिवस भलत्याच भागाची चर्चा चालली होती. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात, त्यामुळे तिला झालेली इजा सहसा आपली आपण भरून येत नाही; विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने हे निरीक्षण 1743 मध्येच नोंदवले होते. साध्या एक्स-रेमध्ये ती दिसतही नाही. उभे राहून काढलेल्या एक्स-रेमध्ये दोन हाडांमधली जागा किती उरली आहे एवढेच समजते, आणि भोवतालची कूर्चा शाबूत असेल तर तिच्यात पडलेला छोटा खड्डा त्या जागेवरून ओळखता येत नाही. माझा एक्स-रे अगदी निर्दोष आला होता.

केंद्रातील यंत्र 3 टेस्लाचे होते; टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राची तीव्रता मोजण्याचे एकक. आत जाण्यापूर्वी तंत्रज्ञाने धातूविषयीचे प्रश्न घाई न करता विचारले: पेसमेकर आहे का, कानात रोपण केले आहे का, मेंदूतील रक्तवाहिनीवर क्लिप बसवली आहे का, कधी वेल्डिंगचे किंवा धातू घासण्याचे काम करताना डोळ्यात कण गेला होता का. शेवटचा प्रश्न अनेकांना विचित्र वाटतो, पण तीव्र चुंबकीय क्षेत्रात असा कण हलून डोळ्याला इजा होऊ शकते, त्यामुळे तो न विचारणाऱ्या केंद्रावर मी विश्वास ठेवणार नाही. गुडघ्याच्या तपासणीत पाय आधी आत जातात आणि डोके बहुधा यंत्राच्या तोंडाशी किंवा बाहेरच राहते, हे बंदिस्त जागेची भीती असणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. गुडघ्याभोवती संकेत टिपणारी पिंजऱ्यासारखी कॉइल बसवली, दोन्ही बाजूंनी फोमचे तुकडे दाबून भरले, कानात बोळे घालून वर हेडफोन चढवला आणि हातात बोलावण्यासाठी रबरी फुगा दिला. आवाज मात्र बोळ्यांना न जुमानता पोहोचतो; कोणी पत्र्याच्या पिंपावर तालात हातोडा मारावा तसा तो होता. प्रतिमा एकामागून एक मालिकांमध्ये घेतल्या जातात; तिसऱ्या मालिकेच्या मध्यावर मला खोकला आला. तंत्रज्ञाने प्रतिमा पाहिल्या, त्यांवर हालचालीच्या लहरी उमटल्याचे सांगितले आणि मी काही म्हणण्याआधीच ती मालिका पुन्हा घेतली. बाहेर रांग असताना हे करणे सोपे नसते. एकूण अर्धा तास लागला. इथपर्यंतच्या सेवेला मी पूर्ण गुण देते.

प्रतिमाही तितक्याच चांगल्या निघाल्या. चरबीचा संकेत दाबून घेतलेल्या, प्रोटॉन-डेन्सिटी या प्रकारच्या प्रतिमांमध्ये हाड काळपट, सांध्यातील द्रव पांढरा आणि कूर्चा त्या दोघांच्या मधल्या राखाडी रंगाची दिसते. डॉक्टरांनी पडद्यावर एक काप थांबवून बोट ठेवले तेव्हा त्या राखाडी पट्ट्यात पांढरी रेघ वरून खाली शिरलेली मला सुद्धा दिसली: कूर्चेला पडलेल्या भेगेत सांध्यातले पाणी भरले होते. तिच्या बरोबर खाली, एरवी काळ्या दिसणाऱ्या हाडात, धुरकट पांढरा डाग होता. कूर्चेखालच्या हाडावर ताण येत असल्याची ती खूण असल्याचे त्यांनी सांगितले, आणि सात महिन्यांच्या दुखण्याला पहिल्यांदा जागा सापडली.

माझी तक्रार अहवालाविषयी आहे. दुसऱ्या दिवशी मिळालेल्या कागदावर अस्थिबंधांबद्दल, मेनिस्कसबद्दल आणि सांध्यातील पाण्याबद्दल व्यवस्थित ओळी होत्या, पण कूर्चेविषयी एवढेच: ‘आतल्या बाजूस ग्रेड 2-3 कॉन्ड्रोमलेशिया’, म्हणजे कूर्चा मऊ पडणे किंवा खराब होणे. नेमकी जागा नाही, लांबी-रुंदी नाही, खालच्या हाडातल्या डागाचा उल्लेख नाही. ग्रेड कोणत्या पद्धतीची, तेही लिहिलेले नव्हते. हा प्रश्न किरकोळ नाही, कारण 1961 पासून प्रचलित असलेल्या आउटरब्रिज पद्धतीत दुसऱ्या आणि तिसऱ्या ग्रेडमधला मूळ फरक इजेच्या व्यासावरून केलेला आहे, तर आयसीआरएस या कूर्चातज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पद्धतीत तो खोलीवरून ठरतो: कूर्चेच्या अर्ध्या जाडीपर्यंत गेलेली इजा दुसऱ्या ग्रेडची, त्यापेक्षा खोल गेलेली तिसऱ्या आणि खालच्या हाडात शिरलेली चौथ्या ग्रेडची. म्हणजे ‘2-3’ या दोन आकड्यांनी शल्यचिकित्सकाला जे हवे होते तेवढेच नेमके गाळले होते.

कारण शस्त्रक्रियेची निवड बरीचशी त्या मापावर अवलंबून असते. साधारण दोन चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या इजेसाठी हाडाला बारीक छिद्रे पाडून तिथून भरून येणारी ऊती वाढू देण्याचा मार्ग वापरला जातो. काही वेळा भार न पडणाऱ्या जागेवरून हाड-कूर्चेचे छोटे दंडगोल काढून खड्ड्यात बसवतात. इजा मोठी असेल तर रुग्णाच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून लावण्याचा विचार होतो. या पेशीरोपणाचा माणसांवरील पहिला अहवाल 1994 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पेशी घेण्यासाठी एक आणि लावण्यासाठी दुसरी अशा दोन शस्त्रक्रिया असतात, त्यामुळे भूल देण्याआधी अंदाज असणे रुग्णाच्याही सोयीचे असते. मी चिठ्ठीची प्रत घेऊन केंद्रात परत गेले. काउंटरवर ‘अहवाल एकदा दिला की बदलत नाही’ असे ऐकवण्यात आले. मला बदल नको होता, पुरवणी हवी होती, आणि हा फरक समजावण्यात तीन फेऱ्या व चार दिवस गेले. अखेर सांधे व स्नायूंच्या प्रतिमांचे काम पाहणाऱ्या रेडिओलॉजिस्टने त्याच प्रतिमांवरून लिहून दिले: भार पेलणाऱ्या भागावर तिसऱ्या ग्रेडची इजा, 12 बाय 9 मिलिमीटर, खालच्या हाडात सूज. प्रतिमा तीच असताना एका कागदावर हे नव्हते आणि दुसऱ्यावर होते, एवढे नोंदवून पुढे जाते.

आता तपासणीच्या मर्यादेविषयी, जिचा दोष केंद्राला देता येत नाही. शस्त्रक्रियेत कडेची सुटलेली कूर्चा साफ केल्यावर तीच इजा 15 बाय 12 मिलिमीटर भरली. डॉक्टरांनी याची कल्पना आधीच दिली होती: वरून जागेवर दिसणारी कूर्चा खालच्या हाडापासून सुटलेली असेल तर एमआरआयमध्ये ते अनेकदा निसटते, म्हणून मापात वाढ गृहीत धरूनच ते तयारी करतात. वाटीमागे एका ठिकाणी कूर्चा मऊ पडल्याचेही त्यांना सळईने दाबल्यावर कळले; अहवालात तिथे सर्व ठीक होते. खोल इजा ओळखण्यात एमआरआय भरवशाचा आहे, पण नुसता मऊपणा त्याच्या हाती क्वचितच लागतो. शिवाय तपासणी आडवे झोपून होते, आणि माझा गुडघा तर जिन्यावर दुखत होता.

उलट बाजूची चूकही घडते. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे पन्नाशी ओलांडलेल्या, एक्स-रेमध्ये संधिवाताची खूण नसलेल्या लोकांच्या एमआरआयचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील 89 टक्के गुडघ्यांत काही ना काही बिघाड आणि 69 टक्क्यांत कूर्चेची इजा आढळली, ज्यांचा गुडघा दुखत नव्हता तेही त्याला अपवाद नव्हते. माझ्या अहवालात मेनिस्कसमध्ये ‘झिजेचे बदल’ लिहिलेले वाचून घरच्यांनी त्याचेही ऑपरेशन उरकून घेण्याचा आग्रह धरला होता. डॉक्टरांनी गुडघा वाकवून, पिळून पाहिला आणि मेनिस्कसला हात लावला नाही.

यंत्र 3 टेस्लाचेच हवे असा हट्ट मी धरणार नाही, 1.5 टेस्लाच्या यंत्रावर योग्य कॉइल लावून पातळ काप घेतले तर शस्त्रक्रियेच्या निर्णयापुरते काम होते. टी-2 मॅपिंगसारख्या मालिका कूर्चेतील पाणी व कोलॅजन (तिला बळकटी देणारे तंतुमय प्रथिन) यांमधले सुरुवातीचे बदल दाखवतात, पण माझ्यासारख्या उघड भेगेला त्यांची गरज नव्हती, आणि केंद्राने त्या माझ्या गळ्यात मारल्या नाहीत, हेही त्यांच्या बाजूने सांगायला हवे. सीडी मात्र डॉक्टरांच्या संगणकावर तिसऱ्या प्रयत्नात उघडली.

वर्षभराने भरून आलेला भाग पाहण्यासाठी पुन्हा तपासणी करायची आहे. तुलना नीट व्हावी म्हणून कोणत्या मालिका, किती जाडीच्या कापांनी घेतल्या होत्या याची यादी मी केंद्राकडे मागितली. काउंटरवर पुन्हा नकार मिळाला. तंत्रज्ञाने ती चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहून दिली.