पॉवरस्लेव्ह की सेन्जुत्सू?

भाच्याला आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडची एकच रेकॉर्ड घ्यायचीय आणि जीव दोन्हींवर. दोन्ही ३ सप्टेंबरलाच आलेल्या: एक १९८४, दुसरी २०२१.

पॉवरस्लेव्ह आठ गाण्यांचा, साधारण ५१ मिनिटांचा. इंदूरहून निघालं की उज्जैन यायच्या आत संपतो. सेन्जुत्सू ८२ मिनिटं, तीन तबकड्या, सारखं उठून बाजू पालटा! शेवटची तिन्ही गाणी दहा मिनिटांवर. गिटार तेव्हा दोन, आता तीन. आवाज भरीव झाला खरा, पण जुनी जुगलबंदी जास्त स्वच्छ ऐकू येते. गायक डिकिन्सनचा गळा तेव्हा वीज होता. आता कॅन्सरमधून उठलेला, मुरलेला. मला हाच जास्त भिडतो.

नवख्याने, गाडीत ऐकणाऱ्याने पॉवरस्लेव्ह घ्यावा. इंदूरच्या सराफ्यातून, रात्रीच्या खाऊबाजारातून, भरल्या पोटी परतून रात्री निवांत बसणाऱ्याला सेन्जुत्सू.