एटीओ अडकला, टँक गोडावला: खारटपणा झटपट चढवायचा की सावकाश?

समुद्री मत्स्यालयात एटीओचा (उडालेल्या पाण्याची भरपाई आपोआप करणाऱ्या यंत्राचा) फ्लोट स्विच अडकला आणि साठवणीतलं सगळं आरओ पाणी संपमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) उतरलं, की पहिली धाव मिठाच्या बादलीकडे जाते. आधी एटीओचा प्लग काढा आणि डोसिंग पंप (क्षारांची द्रावणं ठरावीक मात्रेत सोडणारा) बंद करा. पाणी फिरवणारे रिटर्न पंप आणि पॉवरहेड मात्र चालू राहू द्या. मग रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) कॅलिब्रेशन द्रावणावर लावून घ्या. आरओ पाण्यावर बरोबर शून्य दाखवणारं यंत्र वरच्या टोकाला दोन-तीन पीपीटी चुकू शकतं, आणि पुढचा सगळा हिशोब त्या एका आकड्यावर आहे. सुकं मीठ थेट टँकमध्ये टाकू नका. न विरघळलेला खडा प्रवाळावर बसला की तिथली त्वचा जाळतो.

उदाहरणाला २०० लिटरची सिस्टीम घेऊ, ३५ पीपीटीवर, म्हणजे घनता १.०२६. त्यात ४० लिटर गोडं पाणी आलं आणि काहीच सांडलं नाही, तर आता २४० लिटर पाणी २९.२ पीपीटीवर, साधारण १.०२२ ला आहे. मीठ कुठेच गेलेलं नाही, पातळ झालंय एवढंच. जादाचं ४० लिटर पाणी मोरीत ओतलंत, तर त्याबरोबर सुमारे १.१७ किलो मीठ जाईल आणि तेवढंच परत घालावं लागेल. म्हणून ते पाणी टबात काढून ठेवा. खारट पाणी बनवायला तेच वापरता येतं, नव्या आरओची वाट बघावी लागत नाही. संप ओसंडून पाणी फरशीवर गेलं असेल, तर ही सोय अर्थातच उरत नाही.

आता दोन रस्ते.

झटपट रस्ता म्हणजे जादाचं पाणी काढून झाल्यावर आणखी १०० लिटर पाणी काढायचं आणि त्याच्या जागी १०० लिटर पाणी ४०.८ पीपीटीचं घालायचं. त्याच दिवशी टँक ३५ वर येतो. काढलेल्याच पाण्यात सॉल्ट मिक्स विरघळवलंत, तर लिटरला साधारण १२ ग्रॅम मीठ चढवावं लागतं. पुडीतल्या मिश्रणात ओलावा असतो, त्यामुळे थोडं जास्त लागेल. शेवटचा शब्द रिफ्रॅक्टोमीटरचा. नव्या आरओ पाण्यापासून बनवणार असाल तर अडचण वेगळी: स्वयंपाकघरातलं यंत्र तासाला दहा-बारा लिटर देतं, म्हणजे शंभर लिटरला अख्खा दिवस. आणि त्या यंत्रात ‘कॉपर’चं कार्ट्रिज असेल, तर त्या पाण्याला हातही लावू नका. तांब्याचा अंश कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ यांना विष आहे.

सावकाश रस्त्यात आधी जादाचं पाणी काढून पातळी नेहमीवर आणायची. मग रोज २० लिटर पाणी बदलायचं, नवं पाणी ४० पीपीटीचं. पहिल्या दिवशी याने १.१ पीपीटी चढतं. शिवाय बाष्पीभवनाची तूट गोड्या पाण्याऐवजी ३५ पीपीटीच्या पाण्याने भरायची. रोज ३ लिटर उडत असेल, तर आणखी अर्धा पीपीटी. टँक जसा खारट होतो तशी रोजची चढ कमी होत जाते. चौथ्या दिवसाअखेर ३४.६ च्या आसपास पोचता. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ३५ आल्यावरही एटीओच्या साठवणीत खारट पाणी तसंच राहणं. आठवड्याने टँक ३८ वर गेलेला सापडतो.

कुठला रस्ता, हे आत कोण राहतं त्यावर ठरतं. माशांना खारटपणा उतरल्याचा फारसा त्रास नाही. मरीन इच या परजीवी रोगाच्या उपचारात त्यांना कित्येक आठवडे १.००९ वर ठेवतात. त्रास होतो तो एकदम चढल्याचा, कारण शरीरातलं पाणी बाहेर खेचलं जातं आणि गिलमधून मीठ बाहेर टाकणाऱ्या पेशींना पुन्हा पूर्ण कामाला लागायला वेळ लागतो. त्यामुळे क्लाउनफिश, टँग वगैरेंचाच टँक असेल तर सावकाश, आणि त्यात दुमत नको.

स्टारफिश, समुद्री साळ (सी अर्चिन), क्लीनर श्रिंप, टर्बो गोगलगाय यांचं उलटं. त्यांच्या अंगातला द्रव बाहेरच्या पाण्याबरोबरच पातळ होतो. गोडं पाणी शिरून दोन-तीन तासच झाले असतील, तर त्यांच्यासाठी लगेच परत येणं बरं. रात्रभर तसंच राहिलं असेल, तर शरीर नव्या पाण्याशी जुळलेलं असतं आणि झटपट चढवणं म्हणजे दुसरा धक्का. स्टारफिशवर पांढरे चट्टे पडून हात गळू लागले, तर तो वाचत नाही. पाणी सडायच्या आत बाहेर काढा.

झोआ, मश्रूम, लेदर हे मऊ प्रवाळ तीन-चार दिवस मिटून राहतील. त्यावरून मेले असं समजू नका. दगडी प्रवाळ भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने अ‍ॅक्रोपोराची काळजी मुख्यतः दुबई, न्यू जर्सीकडच्या वाचकांना: त्यांच्यासाठीही सावकाशच, आणि दिव्यांची तीव्रता आठवडाभर कमी.

मिश्र टँकला आमचा कौल असा: १.०२३ च्या वर असाल तर फक्त टॉप-ऑफ (उडालेल्या पाण्याची भरपाई) खारट पाण्याने. १.०२३ ते १.०१९ मध्ये चार-पाच दिवसांचा सावकाश रस्ता. त्याखाली असाल तर त्याच दिवशी १.०२० पर्यंत आणा, बाकीचं सावकाश. प्राणी उचलून ताज्या ३५ पीपीटीच्या टबात सोडणं हा तिसरा पर्याय सुचवला जातो. तो आम्हाला पटत नाही: धक्का तोच, वर पकडापकडीचा ताण.

केएच (पाण्याची अल्कलिनिटी) कमी दिसेल, ८ चा ६.७. त्याच्यामागे बफर (केएच वाढवणारी पूड) घेऊन लागू नका. कॅल्शियम, मॅग्नेशियमही त्याच प्रमाणात उतरलेत आणि सॉल्ट मिक्सबरोबर सगळे परत येतात. खारटपणा जागेवर आल्यावर मोजा, मगच डोसिंग सुरू करा. अमोनिया मात्र चार दिवस रोज तपासा, कारण लाइव्ह रॉकमधले (जीवजंतू वसलेल्या खडकांतले) किडे, पॉड (बारीक कवचधारी जीव) मरून सडतात. तो दिसला तर काढून ठेवलेलं जुनं पाणी वापरू नका, ताज्या पाण्याने बदल करा आणि कार्बन लावा. पातळ पाण्यात स्किमर (फेसावाटे घाण काढणारं यंत्र) मंद फेस काढतो आणि खारट पाणी येताच उफाळतो. त्याच्या कपावर लक्ष ठेवा.

एटीओ परत लावताना दोन गोष्टी बघा. फ्लोट स्विचखाली गोगलगाय किंवा मिठाची पपडी आहे का. आणि नळीचं टोक साठवणीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे का. खाली असलं, तर पंप थांबला तरी सायफन चालूच राहतो. दुसरा, वर बसवलेला सुरक्षा स्विचही अशा वेळी फक्त पंप बंद करतो, सायफन नाही. २०० लिटरला साठवण १० लिटरची ठेवलीत, तर सगळी रिकामी झाली तरी टँक ३३.३ च्या खाली जात नाही.