105 पौंडांची निळी एके: बॉक्समधून काढली, खोलली, परत जोडली, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, ही एअरसॉफ्टची बंदूक आहे, म्हणजे एकमेकांवर प्लास्टिकचे छर्रे मारायच्या खेळातली, बॅटरीवर चालणारी एके-47 ची नक्कल, आणि ती निळी आहे. बॉडी निळी, दस्ता निळा, फक्त नळी आणि मॅगझिन काळं. बॉक्स उघडल्यावर बायको म्हणाली रंगपंचमीला अजून वेळ आहे की, आणि खरं सांगू का, मलाही क्षणभर पाणी कुठून भरायचं हेच शोधावंसं वाटलं.

निळी का, तर मी राहतो इंग्लंडात लेस्टरला आणि इथला कायदा तसा आहे. 2006 चा व्हीसीआरए (व्हायोलंट क्राइम रिडक्शन अ‍ॅक्ट) म्हणून कायदा आहे, त्यात खऱ्यासारखी दिसणारी नकली बंदूक वाटेल त्याला विकता येत नाही. तुम्ही 18 च्या वरचे पाहिजेत आणि शिवाय तुम्ही एअरसॉफ्ट खेळता हे दाखवता आलं पाहिजे. त्यासाठी यूकेएआरए या इथल्या एअरसॉफ्ट दुकानदारांच्या संघटनेची नोंदणी असते, एखाद्या साइटवर, म्हणजे खेळायच्या जागेवर, किमान तीन गेम खेळायचे आणि ते पण एका महिन्यात उरकायचे नाहीत, कमीत कमी 56 दिवसांत पसरलेले पाहिजेत. मग काळी बंदूक. तोवर नवशिक्यांनी भडक रंगाची घ्यायची, तिला टू-टोन म्हणतात. आणि कुणाच्या डोक्यात येत असेल की दोन पौंडांचा काळा स्प्रे मारला की झालं, तर ते नका करू, नोंदणी नसताना तसं रंगवणं हाच इथे गुन्हा आहे. बाकी कोल्हापूरच्या ग्रुपवरून "येताना एक घेऊन ये" असे मेसेज आलेत त्यांना सगळ्यांना एकत्र उत्तर, नाही आणणार. एअरपोर्टच्या स्कॅनरमध्ये निळा रंग दिसत नाही रे बाबांनो, आकार दिसतो.

कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण खाली बऱ्याच शिव्या आहेत आणि एकाच पीसवरून कुणाला झोडपणं बरोबर नाही. चिनी आहे, प्लास्टिक बॉडीची आहे, आत व्हर्जन 3 गिअरबॉक्स आहे एवढं पुरे. हा व्हर्जन 3 म्हणजे काय तर मूळ डिझाइन जपानच्या टोकियो मारुईचं. 1991 ला त्यांनी फामास रायफलची इलेक्ट्रिक प्रतिकृती काढली, तिथून हे मोटर-गिअर-पिस्टनचं प्रकरण सुरू झालं (मोटर गिअर फिरवते, गिअर स्प्रिंग लावलेला पिस्टन मागे ओढून सोडतात, त्या हवेने छर्रा उडतो), मग एम16 साठी व्हर्जन 2 आणि एकेसाठी व्हर्जन 3. चिनी कंपन्यांनी तेच माप उचललं, त्यामुळे आपल्यासारख्या गरिबांचं एक भलं झालं ते म्हणजे पार्ट कुठल्याही दुकानातले थोड्याफार घासाघाशीने बसतात. हिरो होंडाला जसं कुठल्याही गावात सामान मिळतं तसं.

आता बॉक्समधून काढल्या काढल्या कशी आहे? हातात घेतली की हलकी वाटते, दस्ता थोडा कुरकुरतो, पण बाहेरची नळी आणि गिअरबॉक्स धातूचा आहे, खेळणं म्हणून टाकून देण्यासारखं नाही. सिलेक्टरची पट्टी खऱ्या एकेसारखीच, वर सेफ, मधे ऑटो, खाली सिंगल, आणि तशीच कडक, हातमोजे घालून सरकवायला गेलात तर गेम संपेल. मॅगझिनमध्ये 600 छर्रे मावतात म्हणे, मी मोजत बसलो नाही. खालची चावी फिरवून स्प्रिंग भरायची, आणि अर्धं मॅगझिन रिकामं झालं की चालताना असा खुळखुळा वाजतो की लपून बसण्यात अर्थच नाही. हे मी पहिल्याच आठवड्यात बाजूला ठेवलं, चावी नसलेली साधी मॅगझिन घेतली. सोबत आलेली 8.4 व्होल्टची बॅटरी ठीक, चार्जर मात्र भिकार. भरलं की आपोआप बंद होत नाही, तुम्ही घड्याळ लावून बसायचं. रात्री लावून झोपू नका प्लीज.

पहिला गेम एका जंगलातल्या साइटवर खेळलो. तिथे आधी क्रोनो होतो, म्हणजे 0.20 ग्रॅमचे छर्रे घालून यंत्रासमोर उडवायचे आणि वेग बघायचा. माझी 330 फूट प्रति सेकंद आली, हिशेबाने 1 ज्यूलच्या जरा वर. साइटची मर्यादा 350, आणि कायद्याची मर्यादा ऑटोवाल्या बंदुकीला 1.3 ज्यूल. म्हणजे जोर पुरेसा होता बघा. तरी मला दिवसभर एकही माणूस लागला नाही. म्हणजे लागले असतील दोन, पण ते झाडापासून दहा पावलांवर होते, ते काही कौशल्य नाही. 25-30 मीटरच्या पुढे छर्रा कुठे जाईल ते छर्ऱ्यालाच ठाऊक, एक डावीकडे, एक आकाशात, एक समोरच्या चिखलात. (खेळ सगळा इमानावर चालतो हे सांगायचं राहिलं. छर्रा लागला की आपणच हात वर करून "हिट" ओरडायचं, शाईबिई काही नसते. डब्बा ऐसपैस खेळताना "मी नव्हतोच, तू नाव चुकीचं घेतलंस" करणारी पोरं इथे पण भेटतात, फक्त वयाने चाळिशीची.)

इथे मी जी चूक केली ती शंभरातले नव्वद जण करतात म्हणून सविस्तर लिहितो. लांब जात नाही म्हणजे जोर कमी, असं समजून मी एम120 स्प्रिंग मागवली, शिवाय 30 पौंडांची तगडी मोटर. स्प्रिंगवरचा आकडा म्हणजे साधारण मीटर प्रति सेकंद, एम100 म्हणजे 100 च्या आसपास. पुढच्या रविवारी क्रोनोवर 384. म्हणजे 1.37 ज्यूल. मार्शलने, म्हणजे साइटवरच्या पंचाने, शांतपणे बंदुकीला टॅग लावून बाजूला ठेवली आणि भाड्याची बंदूक हातात दिली, वर समजावलं की 1.3 च्या पुढे ऑटो गेली की कायद्यासाठी ती एअरसॉफ्ट राहतच नाही, घरी जाऊन आधी स्प्रिंग काढ. घरी येऊन उघडली तर प्लास्टिकच्या पिस्टनचा एक दात पण चेपलेला. 38 पौंड पाण्यात, आणि नेम? तसाच.

मुद्दा असा की लांब जायला जोर नाही, फिरकी लागते. नळीच्या सुरुवातीला एक रबरी बाही असते, हॉप-अप रबर, तिचा छोटा उंचवटा छर्ऱ्याला वरून घासतो आणि छर्रा उलटा फिरत बाहेर पडतो. लेगस्पिनरचा फ्लिपर हवेत कसा तरंगल्यासारखा पुढे जातो, तेच गणित, उलट्या फिरकीने हवा छर्ऱ्याला उचलून धरते. स्वस्त बंदुकीत हे रबर टणक असतं, त्यात कारखान्यातून तेलाने माखलेलं, मग कधी पकडतं कधी सटकतं. पकड सारखी नाही म्हणून फिरकी सारखी नाही, म्हणून एक आकाशात आणि एक चिखलात.

तर खरं काम असं केलं. सगळ्यात आधी नळी साफ, काठीला जुन्या बनियनची चिंधी गुंडाळून, आणि जे काळं ओशट निघालं ते बघून मला आमच्या शिरोली एमआयडीसीतल्या मशीनखालचा ट्रे आठवला. मग 9 पौंडांचं मऊ रबर टाकलं. रबराला वरून दाबणारा जो छोटा तुकडा असतो तो मूळचा गोल होता, त्याजागी शाळेच्या खोडरबराचा चौकोनी तुकडा ब्लेडने कापून बसवला, सपाट दाब मिळतो. नळीवर रबर चढवण्याआधी प्लंबरवाली टेफ्लॉन टेप दोन वेढे, म्हणजे हवा मागे निसटत नाही. आणि 0.20 चे छर्रे सोडून 0.28 चे. जड छर्रा निघतो हळू पण वाऱ्याला भीक घालत नाही. एवढ्यावर बंदूक 45 मीटरला माणसाच्या छातीएवढ्या पाटीवर दहातले सात-आठ मारायला लागली. नाद खुळा! खर्च 9 पौंड अधिक पोरीचं खोडरबर, तिला नवीन घेऊन दिलंय.

नळी बारीक भोकाची घे असं बरेच जण सांगतात, कंपनीची साधारण 6.08 मिलिमीटरची येते आणि 6.03 ची वेगळी मिळते. मी घेतली नाही. छर्रा 5.95 चा, साफ नळी आणि चांगलं रबर असताना त्या पाच शतांश मिलिमीटरसाठी 25 पौंड मला पटत नाहीत, तुम्हाला पटले तर घ्या.

आता राहिला आवाज. चाप ओढला की गिअरबॉक्स असा किंचाळायचा की शेजारची म्हातारी एकदा विचारून गेली ड्रिलिंग अजून किती दिवस चालणार. मी व्हिडिओ कॉलवर पप्पांना ऐकवलं. पप्पांची शिरोलीत तीस वर्षं लेथवर गेली, त्यांना बंदूक दाखवलीच नाही आधी, फक्त आवाज ऐकवला, तर लगेच म्हणाले, "गिअर रडाय लागलाय की रं. प्ले लई हाय. शिमा घातल्यात का न्हाईत?"

शिमा म्हणजे गिअरचा ढिलेपणा, प्ले, काढायला घालतात त्या चकत्या. त्या होत्या, पण कुणीतरी दुपारच्या जेवणाआधी घाईत टाकल्यासारख्या, एकीकडे दोन आणि दुसरीकडे शून्य. 6 पौंडांचा सेट मागवला, 0.1 पासून 0.5 मिलिमीटरपर्यंतच्या जाडीच्या. गिअरबॉक्स उघडणं हे मात्र पहिल्यांदा करताना दार लावून करा. आधी मागची खीळ दाबून गिअर उलटे फिरू द्यायचे म्हणजे ताणलेली स्प्रिंग सैल होते, मी हे विसरलो आणि झाकण उचलल्याबरोबर स्प्रिंग पडद्यात, पिस्टन सोफ्यामागे, आणि चापाची ती केसाएवढी स्प्रिंग थेट अदृश्य. आठ दिवसांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशवीत सापडली. आणि उघडताना दर पायरीला फोटो काढा, दहा काढलेत तर वीस काढा.

पप्पांच्या हाताखाली शिमिंग केलं, सात हजार किलोमीटरवरून. आधी मोटरला भिडणारा बेव्हल गिअर बसवायचा, तो बरोबर टेकला की बाकीचे दोन त्याच्या हिशेबाने. प्रत्येक वेळी झाकण लावून गिअर बोटाने फिरवायचा, वर-खाली हलला नाही पाहिजे आणि अडला पण नाही पाहिजे. "मोकळा फिरला पायजे, पर खडखडला न्हाई पायजे" हे त्यांनी किती वेळा म्हटलं असेल. साडेतीन तास गेले. तिकडे रात्रीचा एक वाजला, आई मागून ओरडत होती की बंदुका कसल्या दुरुस्त करताय अपरात्री. शेवटी मोटरच्या पिंजऱ्याखालचा उंचीचा स्क्रू चतकोर-चतकोर फिरवत आवाज सगळ्यात बारीक होईल तिथे थांबायचं, व्हर्जन 3 चं हे एक चांगलं आहे की ही जुळवणी बाहेरून होते. आता आवाज शिलाई मशीनसारखा आहे. ती 30 पौंडांची मोटर खोक्यात पडून आहे, कंपनीची जुनीच पुरते.

विजेच्या भागात फार काही सांगण्यासारखं नाही. 7.4 व्होल्टची लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) घेतली, पूर्ण भरल्यावर ती पण 8.4 ला जाते पण लोड आला की व्होल्टेज फारसं पडत नाही, त्यामुळे चाप ओढला की लगेच ठो. 11.1 व्होल्टवालीच्या मोहात पडू नका, या पिस्टनला झेपणार नाही. लायपो आली की मॉसफेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, पण टाका, कारण नाहीतर सगळा करंट चापाच्या तांब्याच्या पट्ट्यांतून जातो आणि ठिणग्यांनी त्या काळ्या पडतात, आमच्या गावाकडच्या मोटरच्या स्टार्टरसारख्या. चार्जर चांगला घ्या, त्यात कंजूषी नको.

हिशेब मागणाऱ्यांसाठी: रबर 9, शिमा 6, बॅटरी 14, चार्जर 22, मॉसफेट 12, कनेक्टर 3, झाले 66. बंदूक धरून 171. वाया गेलेले 38 यात धरलेले नाहीत, ते बायको पण वाचते म्हणून. गॉगल आणि जाळीचा मास्क वेगळा, आणि तो बंदुकीच्या आधी घ्या. मी खेळायच्या पहिल्या दिवशी एकाचा पुढचा दात अर्धा तुटलेला बघितलाय.

मग घ्यावी का? उघडून जोडायचा कंटाळा नसेल तर नक्की घ्या, या पैशात इतका धातू आणि इतकं शिकायला दुसरं काही मिळणार नाही. फक्त रविवारी जाऊन खेळायचं असेल आणि पेचकस हातात घ्यायचा नसेल तर थोडे महिने भाड्याची वापरा, पैसे साठवा, मारुईची सेकंडहँड बघा. नवी बंदूक घेऊन पहिल्याच दिवशी स्प्रिंग बदलायची असेल तर हा रिव्ह्यू परत वरून वाचा.

एक दुखणं अजून गेलेलं नाही. हॉप-अपची पट्टी, बोल्टचा खटका मागे ओढला की जी आत दिसते, ती ऑटोवर मारताना हादऱ्याने हळूहळू सरकते आणि तिसऱ्या मॅगझिनला छर्रे परत खाली पडायला लागतात. टेप लावून बघितली, डिंक लावायची हिंमत झाली नाही. सध्या कोथिंबिरीच्या जुडीला येतो तो रबरबँड गुंडाळलाय, दर दोन महिन्यांनी तुटतो, तोवर कोथिंबीर येतेच घरात.